मूर्ती, मारिया आणि पवित्र शास्त्र: कॅथलिक-प्रोटेस्टंट वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईतल्या कॅथलिक घरात येशूची आई मारिया हिची मूर्ती असते, तिच्यापुढे मेणबत्ती असते आणि संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. नगरकडच्या प्रोटेस्टंट घरात भिंतीवर बायबलमधलं एखादं वचन आणि फार तर रिकामा क्रूस. दोघेही ख्रिस्ती. बाहेरच्या मराठी माणसाला हा फरक कळत नाही, आणि खुद्द या दोघांनाही पुष्कळदा तो धड सांगता येत नाही. मग एक म्हणतो, 'ते मूर्तिपूजक', दुसरा म्हणतो, 'ते आईला न मानणारे', आणि बोलणं तिथेच संपतं.

खाली दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यांच्या स्वतःच्या ठरावांतून आणि कबुलीपत्रांतून (आम्ही काय मानतो, याच्या जाहीर निवेदनांतून) मांडलं आहे. एखादा युक्तिवाद लंगडा वाटला तिथे तो कोणाचा आहे हे न पाहता तसं म्हटलं आहे.

हा वाद मूर्तींचा आहे की पुस्तकाचा?

दिसतो मूर्तींचा, पण मुळात तो अधिकाराचा आहे. मारियेला हाक मारावी की नाही, यावर दोघांना बोलायला बसवा. प्रोटेस्टंट विचारेल, 'बायबलमध्ये हे कुठे लिहिलंय?' कॅथलिक विचारेल, 'सगळं बायबलमध्येच असलं पाहिजे, हे तरी कुठे लिहिलंय?' दुसऱ्याच वाक्याला मारिया बाजूला पडते आणि शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न उरतो. म्हणून हे दोन वाद वेगवेगळे शिकवले की दोन्ही अर्धवट कळतात.

कॅथलिक लोक मारियेची पूजा करतात का?

त्यांच्या अधिकृत शिकवणुकीनुसार नाही. देवाला द्यायची ती आराधना एका देवालाच. संतांना द्यायचा तो आदर, आणि मारियेला संतांहून अधिक आदर, तरी तो आदरच. धर्मशास्त्राच्या भाषेत या तीन पायऱ्यांना लात्रिया, दुलिया आणि हायपरदुलिया म्हणतात. इ.स. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांबाबत हाच भेद ठरावात घातला: प्रतिमेला वंदन चालेल, खरी आराधना फक्त देवाची, आणि प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत जातो.

प्रोटेस्टंटांचा आक्षेप असा की ही रेघ कागदावर असते, गुडघ्यांवर टेकलेल्या माणसाच्या मनात नसते. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याने या भेदाची टर उडवली: नावं दोन ठेवली म्हणून कृती दोन होत नाहीत. या आक्षेपात दम आहे, कारण कॅथलिक पंडितांनाही ही रेघ नेहमी सरळ ठेवता आलेली नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने लिहिलं की ख्रिस्ताच्या प्रतिमेला, ती ख्रिस्ताची प्रतिमा म्हणून, आराधनाच द्यावी. निकियाच्या ठरावाशी हे कसं जुळवायचं, यावर नंतर पुष्कळ शाई खर्च झाली.

पण उलट बाजूही पाहावी. शिकवण काय आहे हे विचारायचं असेल तर उत्तर शिकवणीतूनच घ्यावं लागतं. गर्दीतल्या एखाद्या बाईच्या मनात नेमकं काय चाललंय, हे ना पोपला दिसतं, ना टीकाकाराला.

मग माउंट मेरीच्या जत्रेतले मेणाचे हात-पाय कशात बसतात?

वांद्र्याच्या टेकडीवर दर सप्टेंबरमध्ये, मारियेच्या जन्मदिनाच्या सणानंतर आठवडाभर जत्रा भरते. रस्त्यावर मेणाचे हात, पाय, बाळ, घर मिळतात. ज्याचा पाय दुखतो तो पाय वाहतो, ज्याला घर हवं तो घर. कोळी मंडळी तिला मोत माउली म्हणतात, आणि रांगेत हिंदू, पारशी, मुसलमान सगळे असतात. नवस बोलणं आणि फेडणं हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

असे अवयव वाहण्याची चाल युरोपातल्या कॅथलिक तीर्थांवरही जुनीच आहे, म्हणजे ती केवळ 'हिंदू संस्कार' म्हणून झटकता येत नाही. प्रोटेस्टंटांना उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये, शेवटच्या सत्रात, प्रतिमा आणि संतांचे अवशेष (हाडं, वस्तू) यांचा आदर कायम ठेवला. त्याच ठरावात असंही सांगितलं की प्रतिमेत काही दैवी शक्ती वसते असं मानून तिच्याकडे मागू नये, आणि अंधश्रद्धा व पैसे उकळण्याचे प्रकार बिशपांनी बंद करावेत. मेणाचा पाय हा 'माझ्यासाठी देवाकडे विनंती कर' या अर्थाने वाहिला तर चर्चची हरकत नाही. 'पाय वाहिला, आता काम झालंच पाहिजे' असं असेल तर ते कॅथलिक शिकवणीतही बसत नाही. जत्रेत दोन्ही प्रकारची माणसं असतात, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

थेट देवाकडे मागता येत असताना संत मध्ये कशाला?

प्रोटेस्टंटांचं नेहमीचं वचन म्हणजे पहिलं तीमथ्य २:५: देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. कॅथलिक उत्तर देतात की त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात पौल सर्वांसाठी मध्यस्थीच्या प्रार्थना करायला सांगतो. प्रोटेस्टंट मंडळीही एकमेकांना 'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हणतातच. तेवढ्याने ख्रिस्ताचं मध्यस्थपण कमी होत नसेल, तर स्वर्गातल्या माणसाला तीच विनंती केल्याने कसं कमी होईल?

इथपर्यंत कॅथलिक बाजू मजबूत आहे. पुढे अडचण येते. जिवंत माणसाला विनंती करणं वेगळं आणि मेलेल्याला हाक मारणं वेगळं, हा प्रोटेस्टंटांचा मुद्दा. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात मृतांना विचारायला सक्त मनाई आहे. शिवाय एकाच क्षणी हजार ठिकाणांहून आलेल्या हाका मारिया ऐकते कशी? कॅथलिक म्हणतात, देव तिला ऐकवतो म्हणून. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात चोवीस वडील पवित्र जनांच्या प्रार्थनांनी भरलेल्या धूपाच्या वाट्या धरून आहेत, हे ते पुढे करतात. पण त्या वडिलांना पृथ्वीवरून कोणी हाक मारल्याचं तिथे लिहिलेलं नाही.

लुथरपंथीयांनी, म्हणजे जर्मन सुधारक मार्टिन लुथरच्या अनुयायांनी, १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीपत्रात यावर बरीच मोजकी भूमिका घेतली. संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवावा, पण त्यांना हाक मारायला शास्त्र शिकवत नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या समर्थनात त्यांनी हेही मान्य केलं की स्वर्गातले संत चर्चसाठी प्रार्थना करत असतील. ते करतात का यावर फारसा वाद नव्हता. आपण त्यांना सांगायचं का यावर होता.

कॅथलिकांचा खरा आधार एखादं वचन नाही, जुनी वहिवाट आहे. रोममधल्या सेंट सेबॅस्टियनच्या भूमिगत दफनस्थळात तिसऱ्या शतकातल्या भाविकांनी भिंतीवर ओरखडलेली वाक्यं आहेत: पेत्र आणि पौल, अमक्यासाठी विनंती करा. तेव्हा रोमन साम्राज्यात ख्रिस्ती असणं धोक्याचं होतं. चर्चच्या हाती सत्ता आल्यावर हे शिरलं, असा जो सोपा आरोप होतो तो इथे टिकत नाही. मात्र जुनं आहे म्हणून बरोबर आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि तो पुन्हा आपल्याला अधिकाराकडे नेतो.

दहा आज्ञांत 'कोरीव मूर्ती करू नको' असं स्पष्ट आहे ना?

आहे, निर्गम २०:४. पण त्याच निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात देव मोशेला कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) घडवायला सांगतो. 'गणना' या पुस्तकात पितळेचा साप करायला सांगतो, ज्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेले वाचतात. म्हणजे आज्ञा मूर्ती घडवण्याविरुद्ध सरसकट नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य करावं लागतं.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या राजे १८:४ मध्ये राजा हिज्कीया तोच पितळेचा साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. देवाच्या आज्ञेने केलेली वस्तूसुद्धा वंदनाचं ठिकाण झाली की फोडावी लागते, हा प्रोटेस्टंटांचा सगळ्यात चांगला दाखला. चांगल्या गोष्टीचा गैरवापर होऊ शकतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं, हे कॅथलिकांचं उत्तर. मला इथे प्रोटेस्टंट वाचन जास्त पटतं. पण हिज्कीयाने करूब फोडले नाहीत, हेही विसरू नये.

कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली, हे खरं का?

नाही. आकडे वेगळे आहेत, मजकूर तोच. कॅथलिक आणि लुथरपंथीय, चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टिन याच्या पद्धतीने, मूर्तींची मनाई पहिल्याच आज्ञेत धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) आणि कॅल्विनपंथीय ती दुसरी आज्ञा म्हणून वेगळी मोजतात. प्रश्नोत्तरीच्या छोट्या पुस्तकांत कॅथलिक पहिली आज्ञा थोडक्यात छापतात, त्यामुळे मूर्तींचं वाक्य तिथे दिसत नाही आणि संशय येतो. लुथरनेही आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत तेच केलं, पण त्याच्यावर हा आरोप कोणी करत नाही.

सगळ्या प्रोटेस्टंटांनी मूर्ती फोडल्या का?

अजिबात नाही, आणि याच मुद्द्यावर त्यांच्यात पहिली फूट पडली.

१५२२ च्या सुरुवातीला लुथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. इकडे विटेनबर्गमध्ये त्याचाच सहकारी कार्लस्टाट याने प्रतिमा काढून टाकाव्यात असं पत्रक लिहिलं आणि शहरात तोडफोड झाली. मार्चमध्ये लुथर जीव धोक्यात घालून परतला आणि सलग आठ दिवस प्रवचनं दिली. प्रतिमांवर त्याचं प्रेम नव्हतं. पण लोक सूर्य-चंद्राचीही पूजा करतात, म्हणून काय ते आकाशातून उपटायचे? आधी मनातली मूर्ती काढा, भिंतीवरची आपोआप निरुपयोगी होईल, असा त्याचा रोख होता. म्हणूनच जर्मनीतल्या कित्येक लुथरपंथीय चर्चमध्ये आजही मध्ययुगीन वेद्या आणि मारियेची चित्रं जागच्या जागी आहेत.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये तिथला सुधारक झ्विंग्ली याचं म्हणणं वेगळं होतं. १५२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे जाहीर वादसभा झाली आणि १५२४ च्या उन्हाळ्यात नगरपरिषदेच्या हुकमाने, दारं बंद करून, कारागीर लावून चर्च रिकामी करण्यात आली. दंगल नाही, सरकारी काम. भिंतींना चुना लागला. बाझलमध्ये १५२९ ला मात्र जमावाने हात धुऊन घेतले.

सगळ्यात मोठा भडका नेदरलँड्समध्ये. १० ऑगस्ट १५६६ रोजी स्टेनवूर्ड गावाजवळ एका प्रवचनानंतर जमावाने एका प्रार्थनास्थळातल्या मूर्ती फोडल्या. दहा दिवसांत लोण अँटवर्पच्या मोठ्या कॅथेड्रलपर्यंत पोचलं. पुढच्या वर्षी स्पेनच्या राजाने ड्यूक ऑफ आल्बाला सैन्य देऊन धाडलं, आणि तिथून ऐंशी वर्षं चाललेल्या युद्धाला तोंड फुटलं. धान्याची महागाई, परक्या राजाबद्दलचा राग, छळाचे कायदे हे सगळं त्या हातोड्यांमागे होतं. तरी हातोडे मूर्तींवरच पडले, हेही खरं.

'केवळ शास्त्र' म्हणजे फक्त बायबल वाचायचं, बाकी काही नाही?

हा गैरसमज प्रोटेस्टंटांमध्येच जास्त आहे. लुथर आणि कॅल्विन पानोपानी ऑगस्टिनचे दाखले देतात, निकियाचा विश्वासांगीकार (चौथ्या शतकातलं श्रद्धेचं सूत्र) मानतात. 'केवळ शास्त्र' याचा अर्थ असा की परंपरा, परिषदा, पंडित सगळे ऐकावेत, पण शास्त्राशी विसंगत असतील तर त्यांचं चालणार नाही. शेवटचं न्यायालय एकच.

लुथरही यावर एका उडीत पोचला नाही. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत योहान एक (Eck) या कॅथलिक पंडिताने त्याला कोपऱ्यात गाठलं: तुझी मतं चेक सुधारक यान हुसची आहेत, आणि हुसला तर कॉन्स्टन्सच्या परिषदेने दोषी ठरवून १४१५ मध्ये जाळलं. लुथरला म्हणावं लागलं की हुसची काही मतं ख्रिस्तीच होती, म्हणजेच परिषदासुद्धा चुकू शकतात. ते वाक्य तोंडातून निघालं आणि मागे फिरायची वाट बंद झाली. दोन वर्षांनी वर्म्सच्या सभेत सम्राटापुढे तो म्हणाला की शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट तर्काने पटवून दिल्याशिवाय मी शब्द मागे घेणार नाही. तर्क हा शब्द तिथे आहे, हे लक्षात ठेवावं.

पण 'केवळ शास्त्र' हे शास्त्रात कुठे आहे?

कॅथलिकांचा हा आवडता पेच आहे, आणि तो सुटायला सोपा नाही. दुसरं तीमथ्य ३:१६ पुढे केलं जातं: सगळा शास्त्रलेख देवप्रेरित आणि उपयोगी आहे. 'उपयोगी' म्हणजे 'पुरेसा' नव्हे, असं कॅथलिक म्हणतात. शिवाय पौलाने ते लिहिलं तेव्हा नवा करार अजून तयार व्हायचा होता. प्रोटेस्टंट सतरावं वचन दाखवतात, ज्यात देवाचा माणूस पूर्ण सज्ज होतो असं आहे, आणि मार्क ७ दाखवतात, जिथे येशू परंपरेसाठी देवाची आज्ञा टाकणाऱ्यांना फटकारतो.

कॅथलिक बाजूचं वचन म्हणजे दुसरं थेस्सलनीकाकरांस २:१५: तोंडी किंवा पत्राने शिकवलेले संप्रदाय धरून राहा. ठीक. पण तोंडी शिकवलेलं ते नेमकं काय होतं? मारिया देहासह स्वर्गात घेतली गेली, ही स्वर्गारोहणाची शिकवण त्यात होती का? यादी कोणाकडेच नाही. दोन्ही बाजूंची वचनं जिथे हवी असतात त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबतात, असं माझं मत.

व्यवहारात काय झालं, ते मारबुर्गला दिसतं. १५२९ मध्ये लुथर आणि झ्विंग्ली तिथे समोरासमोर बसले. बायबल एकच, 'केवळ शास्त्र' दोघांना मान्य. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं आणि शेवटचा मुद्दा अडला: प्रभुभोजनातली भाकर हे ख्रिस्ताचं शरीर 'आहे' की ते शरीर 'दर्शवते'? लुथरने टेबलावर खडूने ते वाक्यच लिहून ठेवलं आणि हलायला नकार दिला. तडजोड झाली नाही. एका वाक्याच्या अर्थासाठी निवाडा करणारा कोणीतरी लागतो, हे कॅथलिक इथून शिकवतात. निवाडा करणाराच चुकला तर काय, हे प्रोटेस्टंट विचारतात, आणि हुसची चिता दाखवतात.

बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हे चर्चनेच ठरवलं ना? मग चर्च मोठं की बायबल?

नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची, आज आहे तशी यादी आपल्याला प्रथम इ.स. ३६७ च्या एका पत्रात दिसते. ते अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याचं. पुढे हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या स्थानिक सभांनी यादी संमत केली. कॅथलिक म्हणतात, चर्चने ठरवलं. प्रोटेस्टंट म्हणतात, चर्चने ओळखलं. पुस्तकात अधिकार आधीच होता, सभेने तो घातला नाही.

हे मला दोघांच्याही बाजूने अर्धं उत्तर वाटतं. ओळखणारा चुकू शकत असेल, तर यादी चुकलेली असू शकते. आणि लुथरला तशी शंका होतीच. १५२२ च्या नव्या करारात त्याने इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं शेवटी ढकलली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांकही दिले नाहीत. त्याच्या अनुयायांनी मात्र पुस्तकं ठेवली.

एकाच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, दुसऱ्याच्या ६६. कोणी वाढवली, कोणी काढली?

फरक जुन्या करारातला. टोबीत, यहुदीथ, पहिलं व दुसरं मक्काबी, ज्ञानग्रंथ, बेन सिराख आणि बारूख ही सात पुस्तकं, शिवाय एस्तेर आणि दानीएल यांतले काही भाग. ग्रीक बायबलात ती होती, यहुद्यांच्या इब्री संग्रहात नव्हती. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने चौथ्या-पाचव्या शतकातच त्यांच्याबद्दल शंका घेतली, ऑगस्टिनने ती स्वीकारली, आणि हजारभर वर्षं ती बायबलमध्येच राहिली.

ट्रेंटने ती १५४६ मध्ये 'घुसडली', हे चूक. शंभर वर्षं आधी फ्लोरेन्सच्या परिषदेच्या यादीत ती होती. लुथरने ती 'फाडून टाकली', हेही चूक. १५३४ च्या त्याच्या बायबलमध्ये ती दोन करारांच्या मधे, वाचायला चांगली पण सिद्धांताला आधार नाही अशा शेऱ्यासह छापलेली आहेत. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही ती होती. ब्रिटिश बायबल सोसायटीने मोठ्या भांडणानंतर १८२६ मध्ये ती छापण्यासाठी पैसा द्यायचा नाही असं ठरवलं. मिशनरी चळवळीतून महाराष्ट्रात आलेलं बायबल सहासष्ट पुस्तकांचं आहे.

आता वंदनाशी याचा संबंध. मृतांसाठी प्रार्थना आणि अर्पण यांचा सगळ्यात थेट दाखला दुसऱ्या मक्काबीच्या बाराव्या अध्यायात आहे. त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, दृष्टांतात, कधीच मरून गेलेला यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. हे पुस्तक शास्त्र मानलं तर कॅथलिकांना वचन मिळतं, नाही मानलं तर मिळत नाही. यादीवरचं भांडण कोरडं पांडित्य नव्हतं.

कॅथलिकांना बायबल वाचायला बंदी होती का?

काही काळ, काही ठिकाणी, होय. १२२९ च्या तूलूझच्या सभेने सामान्य लोकांना लोकभाषेतलं बायबल बाळगायला मनाई केली. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमांत लोकभाषेतल्या बायबलसाठी परवानगी लागे. पण लुथरच्या आधी जर्मन भाषेत संपूर्ण बायबलच्या अठरा आवृत्त्या छापून झाल्या होत्या, पहिली १४६६ मध्ये स्ट्रासबुर्गला. 'लुथरपूर्वी लोकांनी बायबल पाहिलंच नव्हतं' ही प्रोटेस्टंट दंतकथा आहे; 'चर्चने कधीच अडवलं नाही' ही कॅथलिक.

पोप म्हणेल ते कॅथलिकांना खरं मानावंच लागतं?

नाही. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने पोपची निर्णायक शिकवण अचूक असते असं ठरवलं, पण अटी कडक आहेत: विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, आणि सगळ्या चर्चला बांधील असा अंतिम निर्णय म्हणून तो जाहीर केलेला हवा. त्यानंतर हा अधिकार असा उघडपणे एकदाच वापरला गेला, १ नोव्हेंबर १९५० रोजी, मारिया देहासह स्वर्गात घेतली गेली हा श्रद्धासिद्धांत बाराव्या पायसने जाहीर केला तेव्हा. १८५४ मध्ये नवव्या पायसने ती मूळ पापाविना गर्भात आली हे जाहीर केलं होतं.

माझ्या मते खरी गाठ इथे आहे, मूर्तीत नव्हे. मूर्ती ठेवणं न ठेवणं हे कॅथलिकाच्या मर्जीचं. घरात एकही मूर्ती नसलेला माणूस चांगला कॅथलिक असू शकतो. पण स्वर्गारोहण नाकारणारा असू शकत नाही. मारियेचा शेवट कसा झाला यावर बायबल गप्प आहे. कॅथलिक सांगतात की तिच्या निधनाचा सण पूर्वेकडे सहाव्या शतकापासून पाळला जात होता आणि १९५० पूर्वी जगभरच्या बिशपांना विचारलं होतं. प्रोटेस्टंटांना सण पाळायला एखादवेळी हरकत नसते. न लिहिलेली गोष्ट तारणाच्या वाटेवर सक्तीची करायला असते. आपल्याकडे हा सण १५ ऑगस्टला येतो, त्यामुळे झेंडावंदन आणि मिस्सा (चर्चमधली प्रभुभोजनाची उपासना) एकाच सकाळी होतात, आणि या सगळ्या वादाची आठवण कोणाला राहत नाही.

एक जाता जाता: मारिया आजन्म कुमारी राहिली, हे लुथर आणि झ्विंग्ली दोघेही मानत. आजच्या बहुतेक प्रोटेस्टंटांना हे ऐकून धक्का बसतो.

गोव्यातल्या झेवियरच्या शवाचं काय?

फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्याला आला. उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये तोडून रोमला पाठवला गेला, १६२२ मध्ये संतपद मिळालं. बॉम जेझू बॅसिलिकातून दर दहा वर्षांनी देह दर्शनासाठी काढतात. अलीकडचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५.

अवशेषांना बायबलचा आधार मूर्तींपेक्षा जास्त आहे, हे ऐकून प्रोटेस्टंट चकित होतात. अलीशाच्या हाडांना स्पर्श होऊन मेलेला माणूस उठतो (दुसरं राजे १३), पौलाचे रुमाल आजाऱ्यांवर ठेवतात (प्रेषितांची कृत्ये १९). पण सोळाव्या शतकातला राग वचनांवरून नव्हता, बाजारावरून होता. लुथरच्या स्वतःच्या राजाकडे, फ्रेडरिककडे, विटेनबर्गमध्ये १९ हजारांवर अवशेष होते आणि त्यांच्या दर्शनाने पापदंडात सूट मिळे. कॅल्विनने १५४३ मध्ये हिशोब मांडला की खऱ्या क्रुसाचे म्हणून दाखवले जाणारे तुकडे एकत्र केले तर जहाज भरेल.

मराठी ख्रिस्ती लोकांत हा वाद कसा उतरला?

दोन वेगळ्या दारांनी. कॅथलिक धर्म पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोवा आणि वसईत आला, आणि त्याने मराठीला आधी बायबल दिलं नाही, पुराण दिलं. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला कॅथलिक; मायदेशी प्रोटेस्टंट राजवट असल्याने जेझुइट होण्यासाठी रोमला गेला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं. बायबलची गोष्ट ओवीत, लोकांना ऐकवायची. शास्त्र चर्चच्या तोंडून लोकांच्या कानात, हा कॅथलिक क्रम त्यात स्वच्छ दिसतो.

प्रोटेस्टंट आले ते छापखाना घेऊन. बंगालमधल्या सेरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयाचं मराठी शुभवर्तमान, १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशन, १८२६ मध्ये तिथून नवा करार. आधी शाळा आणि पुस्तक, मग मंडळी.

अधिकाराच्या प्रश्नाशी सगळ्यात निकराने भिडलेली मराठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला, तेही मारियेच्या नावाने चालणाऱ्या अँग्लिकन भगिनीसंघात, जिथला कल कॅथलिक पद्धतीकडे होता. भगिनी जेराल्डिन यांनी चर्चची शिकवण निमूट मानावी असा आग्रह धरला. रमाबाईंनी १८८५ च्या पत्रात कळवलं की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, दुसरं तसलंच घ्यायची तयारी नाही. हा वाद दोन अँग्लिकन बायकांमधला होता, रोमशी त्याचा संबंध नव्हता. पण लाइपझिगचाच प्रश्न तो, एका मराठी विधवेने विचारलेला. पुढे केडगावला त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि मृत्यूपर्यंत (१९२२) मूळ भाषांतून एकटीने मराठी बायबल करत राहिल्या.

आणि 'कॅथलिक बायबल वाचत नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी: वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला तो मराठी बायबलसाठीच.

आता दोघे जवळ आले आहेत का?

शास्त्राच्या बाबतीत बरेच. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहिलं की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाहून वरचढ नाही, तो त्याचा सेवक आहे. बायबल सगळ्यांच्या हाती द्या, असंही सांगितलं. तारणाच्या प्रश्नावर लुथरपंथीय आणि कॅथलिक यांचं संयुक्त निवेदन ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला झालं.

मारियेच्या बाबतीत चाल धिमी. १९६५ पूर्वीच, त्याच परिषदेत, मारियेवर स्वतंत्र दस्तऐवज न काढता तिला चर्चवरच्या दस्तऐवजात एक प्रकरण द्यायचं ठरलं, तेही अगदी थोड्या मतांच्या फरकाने. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने मारियेला 'सहतारणकर्ती' म्हणणं योग्य नाही असं स्पष्ट केलं, कारण त्याने ख्रिस्ताचं एकमेव तारकपण झाकोळतं. प्रोटेस्टंटांना हे आवडलं असणार, पण १८५४ आणि १९५० चे मारियेवरचे सिद्धांत जागचे हललेले नाहीत.

नवरा कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. सासरी रोझरी म्हणावी लागेल का?

चर्चचा कुठलाही नियम तुम्हाला रोझरी म्हणायला लावत नाही. मिश्र विवाहासाठी कॅथलिक बाजूला बिशपांची परवानगी घ्यावी लागते आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक पद्धतीने व्हावं म्हणून शक्य ते सर्व करीन असं वचन द्यावं लागतं. ते वचन नवरा देतो, तुम्ही नाही. तुम्हाला त्याची कल्पना दिली पाहिजे, एवढाच १९८३ च्या धर्मसंहितेचा दंडक आहे. लग्नाआधी हा मुद्दा फादरांसमोर आणि तुमच्या पाळकांसमोर दोन्हीकडे बोलून घ्या. बारशाच्या आदल्या आठवड्यात तो निघाला की दोन्ही आज्या रडतात.

सासूबाई संध्याकाळी माळ घेऊन बसल्या की सोबत बसायला हरकत वाटत नसेल तर बसा. 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातून, देवदूत आणि अलीशिबा यांच्या तोंडून आलेला आहे, तो म्हणायला कोणत्याही प्रोटेस्टंटाला अडचण नसावी. दुसऱ्या अर्ध्या भागात, जिथे तिला आमच्यासाठी विनंती कर म्हणतात, तिथे गप्प राहणारे पुष्कळ जण असतात.